नाकबाईंचा पहिला घास

नाकबाई भित्र्या होत्या हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांचा राग आला तरी बेताचाच येईल. घराबाहेर पडताना त्या गॅसचं बटण तीनदा बघत, कुलूप दोनदा ओढत, आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्यावर परत वर जाऊन ते पुन्हा ओढून बघत. लिफ्टमध्ये एकट्या चढत नसत. फोन वाजला की हात आधी छातीवर जाई, मग फोनवर. मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. तो म्हणायचा, "अगं आई, मीच आहे. रोज याच वेळेला मीच असतो."

नाकाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. रोज सकाळी निरनिराळ्या टाक्यांचं पाणी यायचं, ते किंचित कोमट करून हुंगायचं आणि कागदावर लिहायचं. यंत्रं होती, पण यंत्रांच्या आधी पेला यांच्या नाकाशी जायचा. कुठल्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय ते त्या खुर्चीत बसून सांगत. नाकबाई हे नाव तिथलंच, आणि निवृत्त झाल्यावर निरोपाच्या फुलांबरोबर तेही घरी आलं.

त्यांचा अंदाज एकदाच चुकला. 'औषधाचा वास' असं त्यांनी लिहिलं, निम्म्या शहराचं पाणी दोन दिवस बंद राहिलं, आणि शेवटी कळलं की वास त्यांच्याच हाताला लावलेल्या नव्या मलमाचा होता. साहेब सगळ्यांदेखत काय बोलले ते बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून वास आला की त्या आधी स्वतःवर शंका घेत, आणि यंत्राचा कागद हातात पडेपर्यंत तोंडातून ब्र काढत नसत.

अशी बाई कच्चा मासा खायला कशी लागली, हा प्रश्न मुलालाही पडला होता. नवऱ्याला माशाचा वास सहन होत नसे, त्यामुळे तेहतीस वर्षं घरात मासा शिजला नाही. तो गेल्यावर वर्षभरानं, एका गुरुवारी दुपारी दाताच्या डॉक्टरकडून परतताना त्या कोपऱ्यावरच्या सुशीच्या हॉटेलासमोर थबकल्या. दार उघडंच होतं. त्यांनी दारातून हुंगलं. माशाच्या दुकानात माशाचा वास नाही, म्हणजे इथला माणूस चोख आहे, असा त्यांनी निकाल दिला आणि आत शिरल्या. त्याला आता सहा वर्षं झाली होती, आणि एकही गुरुवार चुकला नव्हता.

दुकान चिमुकलं होतं. एक लांब लाकडी फळी, अलीकडे सात उंच खुर्च्या, पलीकडे सुरी घेतलेला मालक. त्याला सगळे उस्ताद म्हणत. चहा देणं, बशा उचलणं हे त्याची बायको बघायची, ती सगळ्यांची वहिनी. नेहमीच्या गिऱ्हाइकानं काही मागायचं नाही अशी तिथली रीत. व्हिनेगर लावलेल्या भाताचा छोटा मुटका उस्ताद हातात वळायचा, वर माशाचा काप बसवायचा आणि समोर ठेवायचा. ठेवला की लगेच तोंडात घालायचा. भात हाताच्या उबेचा असतो, गप्पा मारत बसलं तर तो निवतो, आणि उस्तादाच्या कपाळाला आठी पडते.

दुसरी रीत म्हणजे कुणी कुणाचं नाव-गाव विचारायचं नाही. भिंतीजवळची पहिली खुर्ची घड्याळवाल्यांची, दुसरी नाकबाईंची. घड्याळवाले ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. बसल्याबरोबर मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून फळीवर ठेवायचे आणि जेवण संपलं की सांगायचे, "आज बावीस मिनिटं." त्यांच्या छातीत हृदय चालवणारं यंत्र बसवलेलं होतं. "तेवढं एकच घड्याळ मला उघडता येत नाही," असं ते म्हणत आणि स्वतःच हसत. त्यांना कोळंबी चालत नाही, काठी डाव्या हुकालाच अडकवायची असते, चहा दोनदा लागतो, हे सगळं बाईंना पाठ होतं. ते राहतात कुठे, हे माहीत नव्हतं.

गेल्या आठ महिन्यांत एक नवीच गोष्ट सुरू झाली होती. कोणत्याही माशाचा पहिला काप उस्ताद नाकबाईंना द्यायचा. इतर गिऱ्हाइकं आधी आलेली असली तरी पहिला घास यांचा. आणि तो गिळेपर्यंत सुरी खाली ठेवून यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मुलाला फोनवर सांगितलं, "जुन्या गिऱ्हाइकाचा मान असतो रे. तुला नाही कळायचं."

त्या गुरुवारी बांगडा होता. मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, पाठ निळसर चकाकणारी. बाईंनी घास तोंडात घातला, आणि जिभेच्या टोकाला चरचरलं. मिरी चावल्यासारखं, पण मिरी तर नव्हती. व्हिनेगरच्या मागे काहीतरी उभं होतं.

बोलावं का? उस्ताद समोर उभा, डोळे यांच्यावर. फळीशी पाच माणसं. आणि मलमच असलं तर? सकाळी दात घासले ती पेस्ट नवीन होती. एवढा मान देणाऱ्या माणसाला भर दुकानात कसं म्हणायचं? बाईंनी घास गिळला आणि नेहमीसारखी मान डोलावली.

उस्ताद वळला आणि बांगड्याचे दोन मुटके त्यानं घड्याळवाल्यांपुढे ठेवले. बाईंच्या ओठांवर "अहो" आलं होतं, तिथेच राहिलं. घड्याळवाल्यांनी दोन्ही खाल्ले. बाकीच्यांना वाढायला उस्तादानं बांगडा पुन्हा हातात घेतला, तेवढ्यात आतून वहिनींनी भात संपल्याची हाक दिली आणि बांगडा वाढायचा राहून गेला. दहा मिनिटांत घड्याळवाल्यांचे कान लाल झाले. "आज इथे गरम होतंय का हो?" असं त्यांनी विचारलं, उठले आणि किती मिनिटं लागली ते न सांगताच निघून गेले. घड्याळ फळीवरच राहिलं.

घरी पोचेपर्यंत बाईंचाही चेहरा तापला, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली. संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना त्यांनी मासा खाल्लेल्या दुसऱ्याच कुणाची म्हणून ही लक्षणं सांगितली. डॉक्टर म्हणाले, "बांगडा होता का? बर्फाबाहेर राहिला की त्यात विषार तयार होतो. मीठ लावा, आंबट लावा, जात नाही. तुमच्या-माझ्यासारख्याला चार तास त्रास. हृदयाचा पेशंट असला तर मात्र सांगता येत नाही."

त्यापुढचा आठवडा कसा गेला ते बाईंनाच माहीत. जेवण जाईना. हॉटेलात फोन करायला म्हणून चारदा हात गेला आणि चारदा परत आला. रोज सकाळी पेपर आला की त्या निधनाच्या बातम्यांचं पान उघडत. पण शोधायचं कुणाला? नावच माहीत नाही. मग सत्तरीपुढचा प्रत्येक पुरुष त्या वाचत. फोटो असला तर चष्मा पुसून बघत, फोटो नसला तर तो माणूस दिवसभर त्यांच्या मानेवर बसे. मंगळवारी 'कुशल कारागीर' एवढंच लिहिलेला एक निघाला आणि तेच हे, असं त्यांनी धरून टाकलं. दुपारी शेजारणीकडून कळलं की तो सुतार होता. आपल्याला हायसं वाटलं याचीच त्यांना लाज वाटली.

गुरुवारी त्या जीव मुठीत धरून गेल्या. पहिली खुर्ची रिकामी होती. डावा हुक रिकामा होता. घड्याळ वहिनींनी एका बशीत काढून ठेवलं होतं. चावी न दिल्यानं ते बंद पडलं होतं.

"आले नाहीत हो," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षांत पहिल्यांदा. फोन नंबरही नाही आपल्याकडे."

उस्तादानं पहिला काप यांच्यापुढे ठेवला. बाईंनी हात लावला नाही. "मला तुमच्याशी आत बोलायचंय," त्या म्हणाल्या. त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

आत भाताच्या पिंपाशेजारी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. चरचर, लाल कान, डॉक्टर. "मला कळलं होतं, उस्ताद. खाताक्षणीच कळलं होतं. मी बोलले नाही."

उस्ताद हातातलं फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "मला वास येत नाही, बाई. तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. आठ महिने झाले. मासा, व्हिनेगर, जळका भात, काहीच नाही. चवही निम्मी गेली."

"मग मासे कसे निवडता?"

"डोळ्यांनी. बोटांनी. आणि..." तो थांबला. "आणि तुम्ही आलात की तुमच्या तोंडाकडे बघून. तुम्ही पाण्याच्या नोकरीतलं सांगितलं होतं ना एकदा. तुम्हाला वास आला तर तुमचा चेहरा बदलेल असं धरून चाललो. पहिला घास तुम्हाला. तुम्ही मान डोलावली की मग बाकीच्यांना."

आठ महिने ज्याला त्या मान समजत होत्या, ते काम होतं. कुणी न सांगता त्यांना परत हुंगायला बसवलं होतं, आणि त्यांनी खोटा कागद लिहून दिला होता. त्यांना या माणसाचा भयंकर राग आला आणि तितकीच भीती वाटली, आणि दोन्हींत स्वतःचा वाटा किती हे काही केल्या ठरेना.

पडद्याआडून वहिनी पुढे आल्या. "आठ महिने?" त्या म्हणाल्या. "आणि मला नाही सांगितलंत?"

"तू दुकान बंद केलं असतंस."

"केलंच असतं!" त्यांनी बशीतलं घड्याळ उचलून नवऱ्याच्या हातात कोंबलं. "आधी ते आजोबा कुठे आहेत ते बघून या. जिवंत आहेत का तेवढं बघून या. मी दार लावते."

मागच्या गल्लीत घड्याळ दुरुस्तीचं एक दुकान होतं, उस्ताद आणि नाकबाई आधी तिथे गेले. तिथल्या कारागिरानं डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा वाचल्या. घड्याळ दुरुस्त केलं की आपली खूण आणि साल आत कोरून ठेवायची, ही त्या धंद्यातली जुनी पद्धत. कारागीर हसला. "आत पाच खुणा आहेत, पाचही एकाच हाताच्या. आमच्या गुरुजींचं घड्याळ हे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. तुमच्याकडे कसं आलं?"

"कसे आहेत ते?" बाईंनी विचारलं.

"बरेच असतील की. महिनाभर गाठ नाही. का?"

पत्ता घेऊन दोघं निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या दारापाशी आले आणि बाई थबकल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. मोठ्या, छोट्या, बायकांच्या, पुरुषांच्या, घाईत सोडलेल्या. एवढ्या चपला घराबाहेर कधी असतात ते त्यांना माहीत होतं, स्वतःच्या दारात त्या त्यांनी पाहिल्या होत्या.

"तुम्ही वाजवा," उस्ताद म्हणाला. तो एक पायरी खाली सरकला.

बाईंनी घंटा वाजवली. आत आवाज थांबले. पन्नाशीच्या एका बाईंनी दार उघडलं. घड्याळवाल्यांचंच नाक, घड्याळवाल्यांच्याच भुवया. त्यांची मुलगी असणार. नाकबाईंनी उस्तादाच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि तळहातावर पुढे धरलं.

"अगंबाई!" मुलगी म्हणाली. "आठवडाभर याच्यासाठी डोकं खाताहेत आमचं, कुठे राहिलं ते आठवेना. बाबा! मिळालं तुमचं!"

घड्याळवाले खाटेवर उशांना टेकून बसले होते. अंगावर शाल, भोवती नातवंडं-जावई असा गोतावळा. सहा दिवस दवाखान्यात काढून कालच घरी आले होते. चेहरा निम्मा झाला होता. त्यांनी आधी घड्याळ घेतलं, चावी दिली, कानाला लावलं, आणि मग पाहुण्यांकडे बघितलं.

उस्ताद खाली बसला आणि जे होतं ते त्यानं सांगितलं. काही लपवलं नाही. मग बाईंनी सांगितलं. "मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

म्हाताऱ्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि म्हणाले, "मलाही चरचरलं होतं."

"मग खाल्लंत का?" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"पहिल्याच घासाला कळलं. दुसरा खाली ठेवणार होतो. मग तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा स्वस्थ. म्हटलं, नाकबाईंना काही वाटलं नाही, म्हणजे माझीच जीभ म्हातारी झाली असणार."

बाई तिथेच, परक्या घरात, अनोळखी माणसांसमोर रडल्या.

दुकान महिनाभर बंद होतं. आता मासे घ्यायला उस्तादाबरोबर वहिनी जातात आणि प्रत्येक मासा हुंगूनच पिशवीत टाकतात. फळीवर एक पाटी आहे. 'मालकाला वास येत नाही. शंका आली तर बोला.' काही गिऱ्हाइकं ती वाचून परत गेली. घड्याळवाले आले. पहिला घास अजून नाकबाईंचाच असतो, पण नुसती मान डोलावणं बंद. मोठ्यानं सांगावं लागतं, आणि त्या सांगेपर्यंत फळीशी बसलेले सगळे आपापले हात मांडीवर ठेवून थांबतात. त्या दोन-चार क्षणांत बाईंना दर वेळी घाम फुटतो.

रोज सकाळी उठल्यावर त्या लवंग, साबण आणि काडीपेटी अशा तीन गोष्टी नाकाशी धरतात. कुलपाआधी हे. गेल्या गुरुवारी लवंगेचा वास आलाच नाही. त्यांनी नाक शिंकरलं, पुन्हा धरली. आला, पण लांबून. तिसऱ्यांदा नीट आला. सर्दी असेल किंवा भास असेल. वय सदुसष्ट, त्यामुळे दुसरंही काही असू शकेल.

त्या फोनपाशी जाऊन बसल्या. त्यांनी नंबर लावला.

"वहिनी, मी बोलतेय. आज मी येईन, पण शेवटच्या खुर्चीवर बसेन. माझ्या चेहऱ्याकडे आज कुणी बघू नका."