ट्रेलरचे ब्रेक

मंदीत नवऱ्याची नोकरी गेली. माझी हॉस्पिटलातली टिकली, म्हणून आम्ही अमिरातीत, अल ऐनमध्ये राहू शकलो. त्याच हिवाळ्यात त्याचा एक गोरा सहकारी देश सोडून गेला आणि आपला गाडीमागे ओढायचा, राहायचा ट्रेलर आम्हाला देऊन गेला.

जाण्याआधी त्याने आम्हा दोघांना नीट समजावलं होतं. आमची हाफ-टन, म्हणजे हलकी पिकअप हे धूड ओढेल, पण एकट्या तिच्या ब्रेकवर ते थांबणार नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत. ते चालवायला स्टिअरिंगजवळ एक छोटा डबा बसवून त्याची वायर मागे न्यायची. डब्याचा खटका हाताने दाबला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, तो डोलायला लागला तर तेच करायचं. आणि जड सामान ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवायचं, नाहीतर त्याची शेपटी हलते.

नवरा कितीतरी दिवस पिकअपखाली पडून होता. नवा हुक, साखळ्या, लांब आरसे, स्टिअरिंगजवळ तो डबाही. ब्रेकचं विचारलं तर म्हणाला, "खलास, झालं." पुन्हा विचारलं तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं. नोकरी गेल्यापासून कुठलाही प्रश्न त्याला उलटतपासणी वाटायचा. मी गप्प बसले.

सुट्टीच्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन फुजैराच्या समुद्राकडे निघालो. डोंगरातल्या उतारावर एक ट्रक बाजूने जोरात गेला आणि ट्रेलर डोलायला लागला. मग पिकअपचंही मागचं अंग ओढलं जाऊ लागलं. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, इज इट सपोज्ड टू डू दॅट?"

मी नवऱ्याला ॲक्सिलरेटर सोडायला सांगितलं आणि स्वतः वाकून डब्याचा खटका दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. ट्रेलर पलीकडच्या लेनपर्यंत झोके घेत होता. पुढे चढ लागला, वेग मेला, म्हणून वाचलो.

कडेला थांबल्यावर मी डॅशबोर्डखाली पाहिलं. डब्याची वायर टेप गुंडाळून तशीच लोंबत होती. ट्रेलर उघडला, तर पाण्याचे कॅन आणि जनरेटर एकदम मागे. किनाऱ्यावर काढायला सोपे पडावेत म्हणून.

"पुढच्या आठवड्यात जोडणार होतो," तो म्हणाला.

"मग 'झालं' असं का म्हणालास?"

"एक तरी काम मी पुरं केलं, असं तुला वाटावं म्हणून."

मला तेव्हा जराही कीव आली नाही. "मुलं मागे बसली होती," एवढंच म्हणाले.

ट्रेलर सोडवायला लावला, नवऱ्याला तिथेच ट्रेलरपाशी ठेवलं आणि मुलांना घेऊन फुजैरातल्या एका गॅरेजमध्ये वायर जोडून आणली. परत आले तोवर त्याने एकट्याने सगळं सामान पुढे हलवलं होतं. ट्रेलर पुन्हा जोडला आणि हळू चालवत खटका दाबून पाहिला. या वेळी ट्रेलरने पिकअपला मागे खेचून धरलं. समुद्र न बघताच घरी परतलो. वाटेत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

आठवड्याने सासूबाईंचा फोन आला. मी अबोला धरल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. नोकरी गेलेल्या माणसाचं मन सांभाळावं, असं त्या समजावू लागल्या. माझं डोकं पुन्हा तापलं. त्याचं मन सांभाळायलाच तर मी दुसऱ्यांदा विचारून गप्प बसले होते. फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "काय झालं ते तूच सांग त्यांना."

त्याने सांगितलं. वायरीसकट, काहीही न लपवता. मी समोर उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. राग मात्र तसाच होता.