वायर बघा

“वायर चांगली आहे, तर मग गेल्या वर्षी तिला काय झोप लागली होती?” असं म्हणत ताईने नव्या वायरचं भेंडोळं धाकट्या भावाच्या पुढ्यात टाकलं.

“परत देऊन ये,” भाऊ म्हणाला.

“कापून आणलेली वायर कुणी परत घेत नाही.”

“मग मला विचारून आणायची.”

“विचारलं असतं तर तू आणू दिली असतीस? वर्षभर कानीकपाळी ओरडतेय. उद्या स्वातंत्र्यदिन. मी मैदानावर माइकपुढे उभी राहणार, तोंड उघडणार, आणि तुझी ती म्हातारी वायर ऐन वेळी पुन्हा मान टाकणार. लोक हसले रे माझ्यावर!”

“तुझ्यावर नाही, माझ्यावर हसले.”

“तेच सांगतेय. धंद्याची लाज जाते आणि तू आपला ढिम्म.”

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं पातेलं ओट्यावर जरा जास्तच जोरात आपटलं. धाकट्या भावाला, म्हणजे वस्तीच्या हॅलोकाकांना, त्या आवाजाचा अर्थ बरोबर कळला. आवाजांचे अर्थ लावण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

त्यांचं खरं नाव आता फक्त दुकानाच्या परवान्यावर उरलं होतं. लग्न असो, शाळेचं संमेलन असो, निवडणुकीची सभा असो, भोंगे आणि माइक त्यांच्याच दुकानातून जायचे. कार्यक्रमाआधी ते माइकवर टिचकी मारत, “हॅलो, हॅलो, चेक” म्हणत आणि आवाजाच्या मशिनमागे जाऊन बसत. वस्तीने त्यांचा आवाज ऐकला तो एवढाच. घरातही ते फारसे बोलत नसत. टीव्हीचा आवाज कमीजास्त करायचा हक्क मात्र त्यांनी कुणाला दिला नव्हता. बायको सांगायची, की लग्नात माइक शिट्टी मारायला लागला तेव्हा नवरामुलगा तिला तिथेच बसवून मशिनकडे पळाला होता, आणि परत आला तो हातावरची धूळ झटकत.

दुकान पुढे, घर मागे. दुकानात मावेनात म्हणून स्पीकरचे खोके बाहेरच्या खोलीत छतापर्यंत चढले होते. खोलीला एक खिडकी होती, पण ती खोक्यांमागे कधी गडप झाली हे आता कुणाला आठवतही नव्हतं. बाहेर पडायचं तर खोक्यांमधल्या फटीतून अंग चोरून जावं लागे. आत्ता त्या फटीच्या तोंडाशी ताई उभी होती, स्वयंपाकघराच्या दारात बायको, आणि मधे हॅलोकाका.

ताई शाळेतून निवृत्त झाली, नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली, पण तिच्यातली शाळा काही सुटली नव्हती. चहात साखर कमी पडली तरी ती कपाला रागावायची. स्वातंत्र्यदिन म्हणजे तिला घरचंच कार्य. मैदानावर झेंडा वर गेला की ती दरवर्षी भाषण करायची. तिचे अर्धे विद्यार्थी आता टक्कल पडलेले बाप झाले होते, तरी पुढच्या रांगेत ताठ बसून ऐकायचे.

वायरचं प्रकरण मुळात सुरू झालं ते एका लग्नात. नवरीचा काका पिऊन आला आणि माइक धरून वाटणीच्या जुन्या भानगडी काढायला लागला. नवरीचा बाप हात जोडत मशिनपाशी धावला. हॅलोकाकांनी बटण हळूहळू खाली नेलं, मग उठून वायर हलवत म्हणाले, “ढिली झाली वाटतं.” काकाने वायरला शिव्या घातल्या आणि जेवायला गेला. कुणाचा अपमान झाला नाही. नवरीच्या बापाने त्यांचे दोन्ही हात धरले. ते काम त्यांना तेव्हा पुण्याचं वाटलं होतं, आजही वाटत होतं.

पण अशी गोष्ट आयोजकांच्या कानांपासून लपून राहत नाही. नुसतं “वायर बघा” म्हटलं, की काम होतं! आधी भाषण लांबवणारा पाहुणा, मग संमेलनात थांबायचं नावच न घेणारा कवी. पुढे एका सभेत नळाला पाणी का येत नाही असं विचारणारी बाई. सुरुवातीला सांगणारा कानाशी येऊन कारण द्यायचा. पुढे पुढे कारण द्यायची गरजही उरली नाही.

गेल्या वर्षी वस्तीतल्या वाचनालयाला सील लागलं आणि ग्रंथपालाला पकडून नेलं. कशासाठी, ते त्याच्या आईलाही कुणी सांगितलं नाही. नंतर आलेल्या स्वातंत्र्यदिनी ताई बोलायला उभी राहिली. “आपलं वाचनालय...” एवढं ती म्हणाली आणि मंडळाचे अध्यक्ष मानही न वळवता, मशिन होतं त्या मागच्या पडद्याकडे बोलले, “वायर बघा.” हॅलोकाकांच्या हाताला सवय होती. आपण कुणाचा आवाज घालवतोय हे डोक्याला कळेपर्यंत बटण खाली गेलं होतं. ताई थोडा वेळ ओरडून बोलली, मग हसून म्हणाली, “मंडळी, आमच्या धाकट्याची वायर लहानपणापासूनच ढिली आहे!” सगळं मैदान हसलं आणि लगेच गाणं सुरू झालं.

आज दुपारी अध्यक्ष घरी येऊन गेले होते. ताई तेव्हा वायर आणायला गेली होती. स्पीकरच्या खोक्यावर बसून त्यांनी चहा घेतला, चहाचं कौतुक केलं आणि म्हणाले, “यंदा ताईंचं भाषण आधी लिहून मागितलंय. वरूनच सांगणं आहे. तुम्ही कागद समोर ठेवा, बोट ठेवून ऐका. त्याबाहेर एक शब्द गेला की... तुम्हाला मी काय सांगायचं!” मग मुलांच्या परीक्षेची चौकशी करावी तसं विचारलं, “परवान्याचं नूतनीकरण याच महिन्यात ना?” निघताना फटीत अडकले आणि तिथूनच म्हणाले, “ताईंच्या भल्याचंच सांगतोय. त्या बोलल्या तर त्यांना आम्ही तरी कसं वाचवणार?”

आणि यातलं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. हॅलोकाकांना तेच दुपारपासून छळत होतं.

“कसला एवढा आवाज?” मुलगी कामावरून आली ती खोक्यांमधून आडवी होत आत शिरली. “कोपऱ्यावर ऐकू येतंय.”

“तुझ्या बापाला नवी वायर नको आहे,” ताई म्हणाली. “उद्या पुन्हा मैदानभर शोभा.”

“मग जाऊच नका ना आत्या. खरंच सांगते. वाचनालयाला कुलूप, ग्रंथपाल आत, आणि आपण झेंड्याखाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या? कशाच्या?”

“झेंडा काय अध्यक्षांनी आंदण आणलाय का गं? तो माझा आहे. माणूस आजारी आहे म्हणून त्याचा वाढदिवस कुणी विसरत नाही.”

“नाही विसरत. पण आजारी आहे असं म्हणूही न देणाऱ्यांच्या हातचा केक कुणी खात नाही.”

“म्हणूनच तर बोलणार आहे! घरी बसून काय भिंतीला सांगू?”

“भिंतीलासुद्धा हळूच सांगा,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “तुम्ही दोघी वाद घालाल आणि निस्तरायचं आम्ही. जावं, उभं राहावं, गाणं म्हणावं, घरी यावं. इतकी माणसं तेच करतात. त्यांना काय देश नाही?”

“गप्प बसायला वर्षाचे बाकीचे दिवस आहेत, वहिनी,” ताई म्हणाली आणि भेंडोळं उचलून भावाच्या हातात कोंबायला लागली. “धर. उद्या ही लाव. माझं एवढंच म्हणणं आहे.”

“अहो वन्सं, वायरला काही झालेलं नाही हो!” बायकोच्या तोंडून निघून गेलं. “कधीच झालं नव्हतं. यांनी बटण खाली केलं होतं.”

वीज गेल्यावर पडते ती शांतता हॅलोकाकांना ठाऊक होती, फ्यूज उडाल्यावरची ठाऊक होती. ही त्यांनी कधी ऐकली नव्हती.

“तू?” ताईने विचारलं.

त्यांनी होय म्हणून मान हलवली.

“मुद्दाम?”

“अध्यक्ष म्हणाले, वायर बघा.”

ताई खोक्यावर बसली. रडली नाही. वर्गात कुणी खोटं बोललं की बघायची तसं बघत राहिली. “मी तुझी बाजू सावरली रे. चारचौघांत तुझी लाज जाऊ नये म्हणून विनोद केला.” मग खालच्या आवाजात, “पहिल्या रांगेत ग्रंथपालाची आई बसली होती. तुझ्या मुलाचं नाव मी माइकवर घेईन, असं तिला कबूल केलं होतं. नंतर तिला जाऊन सांगितलं, वायर गेली. ती म्हणाली, असू दे बाई, वायरचा काय भरवसा.”

“बटण खाली केलं नाही तर तुला नेतील, ताई.”

“नेतील का नाही ते माझं मी बघेन. तू माझं बोलणं गिळू नकोस.”

“बाबा, मशिनच देऊ नका,” मुलगी म्हणाली.

“मग दुसऱ्याचं आणतील. त्याचा हात माझ्यापेक्षा जलद आहे.”

“आजारी पडा,” बायको म्हणाली. “पाठ धरली म्हणून सांगा.”

“मग मशिन नेतील आणि बटणावर आपल्या माणसाला बसवतील. पडद्यामागे कोण बसलंय ते कुणाला दिसतं?”

दुपारपासून ते हेच करत होते. एकेका वाटेने जायचे आणि खोक्याला डोकं आपटून परत यायचे. बटण खाली केलं, तर उरलेला जन्म याच दोन खोल्यांत ताईच्या नजरेसमोर काढायचा. नाही केलं, तर ताई कदाचित आत, दुकान नक्की बंद. घरी राहिलो, तर तेच काम दुसरा हात करणार. ते खाली उकिडवे बसले. समोर मशिन होतं. बाकीच्या बटणांचा काळा रंग शाबूत होता. आवाजाच्या बटणाचा मात्र अंगठ्याखाली झिजून आतला पांढरा धातू वर आला होता.

इतक्या वर्षांत मैदानावरचा झेंडा वर जाताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. वायरी दिसल्या की शोभा जाते, म्हणून मशिन कायम पडद्यामागे, आणि मशिनबरोबर तेही. दोरी ओढल्याचा आवाज, मग टाळ्या. त्यांचा स्वातंत्र्यदिन एवढाच.

बायकोने गॅस बंद केला. हॅलोकाका उठले, तेव्हा त्यांचे गुडघे वाजले.

“उद्या मशिन जाईल,” ते म्हणाले. कार्यक्रमाची वेळ सांगावी तसा आवाज होता. “पण पडद्यामागे ठेवणार नाही. स्टेजवर, अध्यक्षांच्या खुर्चीपुढे टेबल टाकून ठेवणार, बटण लोकांकडे करून. मी हॅलो म्हणेन आणि खाली येऊन बसेन. ताई तिला बोलायचं ते बोलेल. आवाज घालवायचा असेल त्याने सगळ्यांसमोर उठून स्वतःच्या हाताने घालवावा.”

“आणि परवाना?” बायकोने विचारलं.

“जाईल, असं धरून चाल.” मग मुलीकडे बघून म्हणाले, “तूसुद्धा यायचंस. चौघांनी जायचं आहे. सकाळी लवकर आवरा.”