पुजलेलं खोकं

ती केस अजून मनातनं जात न्हाई. माझा नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. शिक्षण सातवी. लेकरं सासूपाशी ठेवून ड्युटी केली, रडायला सवड नव्हती.

तेव्हा हडपसरला शेतं जाऊन काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. आमच्या हद्दीत एक संशोधन संस्था होती. दरसाल वाढायची. कधी नवा मजला, कधी नवी माणसं, कधी मशीन. वार्षिक सभेत संचालक ती वाढ वाचून दाखवायचे, टाळ्या पडायच्या. बंदोबस्ताला मी असायची. वरच्या मजल्यावर पंखा फिरताना मात्र मला कधी दिसला न्हाई.

एका सकाळी तिथला स्टोअरकीपर फिर्याद घेऊन आला. पावसाळ्यात आणलेलं परदेशी मशीन, रोज वापरातलं, टेबलावरनं चोरीला गेलं. संशय झाडूवाल्या बाईवर. तिला आणलं, तेवढ्यात ठाण्यात निनावी फोन, "बाईनंच विकलंय." एवढ्या घाईनं खबर आली की मला शंका येते.

बाई विदर्भातली, एकटी. म्हणाली, "म्या ते मशीन पाह्यलंच नाही. चोर म्हून नाव लागलं त मले कोन्त्या हापिसात आत घेतीन?"

साहेब म्हणाले, "बोलती करा तिला."

"आधी स्टोअरकीपरला बसवते, साहेब."

"अहो, तो फिर्यादी आहे. फिर्यादीला कोंडायची पद्धत कधी काढलीत?"

"कोंडत न्हाई, चहा पाजते."

स्टोअरकीपर गडी देवभोळा, कपाळाला गंध. दसरा नुकताच झालेला. मी सहज विचारलं, "मशीनची पूजा केली असेल?"

"म्हणजे काय! एकूण एक मशीनला हार."

"चोरीला गेलं त्यालाबी?"

"त्याच्या तर खोक्याला सगळ्यात मोठा हार."

"खोक्याला? वापरातलं मशीन सोडून खोकं पुजलं?"

गड्यानं कप खाली ठेवला, कपाळाच्या गंधाला हात लावला. मग म्हणाला, "देवाच्या बाबतीत खोटं कसं बोलू, बाई?"

संस्थेच्या स्टोअरात जाऊन पंचांसमोर खोकं बघितलं. पट्ट्यासुद्धा कापलेल्या न्हाईत, वर सुकलेला हार. उघडलं तर आत विटा. मशीन आलंच नव्हतं, त्याचे पैसे संचालकानं खाल्लेले. पैसे देणाऱ्या दिल्लीच्या खात्याची तपासणी येणार म्हणून चोरीचं सोंग, निनावी फोनबी त्यातलाच. पुजलेलं खोकं भंगारात द्यायला स्टोअरकीपरचं मन धजलं न्हाई, म्हणून सापडला. पुढं संचालकालाही आत घेतलं.

साहेब बाईला म्हणाले, "सुटलात तुम्ही. जा घरी."

ती उठली न्हाई. "साहेब, मले गाडीतून आनलं, समद्या वस्तीनं पाह्यलं. आता सोडाले बी गाडीच पाठवा."

साहेबांनी जीप दिली. मी मागं बसले, तिला पुढं बसवलं. वस्तीत शिरताना ड्रायव्हरला म्हणलं, "हळू घे, आणि हॉर्न वाजव."

त्या केसनं मला एवढंच शिकवलं. नंतर जेवढे निर्दोष सुटले, त्यांना मी दारात सोडायला गेले. अंगावर वर्दी ठेवून.