ताईच्या दारावर तिकीटमामांच्या माश्या

दक्षता हा गुण मोठा विलक्षण आहे. औदार्य, क्षमा, करुणा यांची स्तुती करायला माणसे सदैव उत्सुक असतात. कारण त्यांचा लाभ स्तुती करणाऱ्यालाच होण्याचा संभव असतो. दक्षतेचे तसे नाही. ती ज्याच्या अंगी बाणली आहे तो बहुधा इतरांच्या आड येतो, आणि आड येणाऱ्याची स्तोत्रे कोणी रचीत नाही. तिकीटमामांच्या ठायी हा गुण इतक्या शुद्ध स्वरूपात वसत होता, की त्यात दुसऱ्या कुठल्या गुणाची भेसळ शोधूनही सापडली नसती.

मामा नाट्यगृहाचे द्वारपाल होते. पितळी बटणांचा निळा कोट, हातात विजेरी आणि मुखावर एखाद्या देवालयाच्या जयविजयांना शोभेल असे गांभीर्य. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान एकदा मध्यंतरात चहा प्यायला बाहेर गेले. तिकिटाचा अर्धा तुकडा आत, पत्नीच्या पर्समध्ये. परतले तेव्हा मामांनी हात आडवा धरला.

"अरे, मी तुझा भावजी!"

"ते घरी. इथे तिकीट."

नाटक रहस्यमय होते. खुनी कोण, हे भावजींना कळले नाही. आणि संतापाच्या भरात त्यांनी ते पत्नीकडूनही ऐकून घेण्याचे नाकारले. दोन्ही घरे एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना. तेव्हापासून कुंपणावरून फक्त ताई बोले, तीही बहुतांशी टोमण्यांतच.

वडिलांना मधमाश्या पाळण्याची हौस होती. ती दोघा भावंडांत उतरली होती. दोघांच्याही अंगणात एकेक मधपेटी होती. मामांचा जीव माश्यांवर जडला तो मधासाठी नव्हे. पेटीच्या फटीशी पहारेकरी माश्या उभ्या असतात, येणाऱ्या प्रत्येकीला मिशांनी चाचपतात, हुंगतात, आणि परकी निघाली तर पिटाळून लावतात. सेवानिवृत्तीनंतर मामा पेटीसमोर स्टूल टाकून बसत आणि समव्यवसायी मंडळींचे काम पाहावे तसे आदराने ते पाहत.

एका उन्हाळ्यात त्यांना संशय आला. आपल्या काही माश्या कुंपण ओलांडून ताईच्या पेटीत शिरतात! प्रमाणाशिवाय आरोप करणे त्यांच्या वृत्तीत नव्हते. त्यांनी स्वयंपाकघरातली चाळणी आणली आणि आपल्या दारातून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर पीठ भुरभुरवले. थोड्याच वेळात धवलवर्ण झालेल्या काही माश्या ताईच्या दारी उतरल्या. तिथल्या पहारेकरिणींनी त्यांना हुंगले आणि अदबीने वाट दिली.

"ताई! तुझ्या दारावर कुणी बघतं की नाही?"

"काय झालं रे एवढं ओरडायला?"

"माझ्या माश्या सरळ आत चालल्यात! विनातिकीट!"

"येऊ देत की. माझ्या माश्यांना माणुसकी आहे. काही जणांसारख्या नाहीत त्या."

वर्तमानपत्राआडून भावजींचा आवाज आला, "त्याला म्हणावं, आमच्याकडे चहाला बाहेर गेलेल्यांनाही परत घेतात!"

मामांनी हा वार सोसला. मग आपल्या पेटीचे झाकण उघडून पाहिले, तर आत निराळेच दृश्य. काही माश्या थरथरत एका कडेला बसल्या होत्या. इतर माश्या त्यांच्यापासून अंग चोरून होत्या. एकमेकींना घास भरवत, पण यांना टाळत. मामांनी अर्थ लावला तो केवळ तेच लावू शकत: स्वतःचे घर सोडून परक्या दारी जाणाऱ्या या कुलटांवर घरच्यांनी बहिष्कार घातला आहे! शिस्त इथे शाबूत आहे. ढासळली आहे ती ताईकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या माश्यांवर पुन्हा पीठ भुरभुरवून मामा निळा कोट चढवून, सारी बटणे लावून, कुंपण ओलांडून ताईच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. हातात कोंबडीचे पीस. पिठाळलेली माशी आली, की पिसाने अलगद बाजूला करायची, असा त्यांचा संकल्प. पहिली आली. मामांनी पीस पुढे केले. त्याच क्षणी ताईच्या पहारेकरिणींना आपल्या कर्तव्याचे परिपूर्ण स्मरण झाले. त्यांनी पिठाळलेल्या माशीला आत सोडले आणि मामांना बाहेर काढले. कुंपणापर्यंत.

"अगंबाई, नाक बघ तुझं! वांगं झालंय," ताई थंड पाण्याचा फडका घेऊन धावली.

"तुझ्या बाया... मुजोर आहेत," मामा नाकातून म्हणाले, दुसरा मार्ग उरला नव्हता.

फडका धरता धरता ताईची नजर पेटीच्या पायरीवर गेली. तिथे एक माशी थरथरत होती, आणि तिच्या अंगावर पीठ नव्हते. ती ताईची होती. ताईचा चेहरा उतरला. दुपारी तिने मधमाश्यांच्या जाणकार डॉक्टरीणबाईंना बोलावले.

बाईंनी आधी नाकाकडे पाहिले. "हे कशाने?"

"बंदोबस्त करत होता," ताई म्हणाली.

दोन्ही पेट्या तपासून बाई म्हणाल्या, "रोग आहे, मामा. विषाणूचा. तुमच्या पेटीत जास्त, ताईंकडे नुकताच पोचतोय. आजारी माशीला घरच्या माश्या टाळतात, घास कमी भरवतात. घर वाचवायची त्यांची ती रीत असते. पण रोगाने तिच्या अंगाचा वास बदलतो, ती नमून वागायला लागते, आणि परक्या दारावरच्या माश्या तिला आत घेतात."

मामांनी विचारले, "म्हणजे हा रोग बनावट पास काढून देतो?"

"तसंच समजा."

"औषध?"

"थेट औषध नाही. तुमची पेटी लांब न्या, आसपास दुसरी पेटी नसेल अशा जागी. ताईंची वाचण्याची आशा आहे. तुमच्या पेटीचं मी काही सांगू शकत नाही."

मामा आपल्या पेटीकडे पाहत राहिले. ताईच म्हणाली, "राहू दे रे. कशाला लांब टाकतोस त्यांना? माझी गेली तर गेली."

"नाही," मामा म्हणाले. "ज्या दारातून त्या बाहेर पडल्या, त्या दारावर मी होतो."

तिन्हीसांजेला टेम्पो आला. माश्या परतल्या, की दाराला जाळी ठोकायची आणि पेटी उचलायची. पेटी जड, दुसरा माणूस हवा. न बोलावता भावजी बाह्या सरसावून आले. मामा जाळी हातात घेऊन दाराशी वाकले होते आणि ठोकत मात्र नव्हते.

"अहो शालकसाहेब, पडदा पडला. लावा दार."

"दोघी बाहेर आहेत अजून."

"तिकीट आहे का त्यांच्याकडे?"

गवतातून दोन माश्या लटपटत, पडत, सरपटत येत होत्या. मामांनी त्यांना विजेरीने वाट दाखवली. त्या आत गेल्यावर त्यांनी जाळी ठोकली.

टेम्पोत पेटी मध्ये आणि दोघे दोन्ही बाजूंना. वाटेत भावजी पेटीवरून पुढे वाकले. "एक सांग. तो खून कुणी केला होता?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? रोज तिथेच तर असायचास!"

"दाराकडे तोंड करून. नाटक मी एकही पाहिलेलं नाही."

भावजी इतके हसले, की पेटीतल्या माश्याही घोंगावू लागल्या.

पेटी वीटभट्टीमागच्या माळावर ठेवली होती, तिथे मामा रोज सायकलने जात. माश्या कमी होत गेल्या. पाऊस सुरू होण्यापूर्वी पेटी रिकामी झाली. रोग मागे राहू नये म्हणून मामांनी ती स्वतः जाळली. ताईची वसाहत रोडावली, पण तगली. पुढल्या बहरात ती दुणावली, तेव्हा ताईने तिचे दोन भाग केले आणि एक भाग नव्या पेटीत घालून भावाच्या अंगणात नेऊन ठेवला.

मामांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती पेटी त्यांच्या अंगणात आहे. माश्या निरोगी आहेत, आणि ताई त्यांची देखभाल करते.