पेडलखाली स्पंज नव्हता

मामा गेला आज सकाळी.

गाडीचे ब्रेक एकदम ओके आहेत.

हे दोन्ही एकाच पोस्टमध्ये का, ते सांगतो. जरा लांबेल. मला आखडून लिहिता येत नाही, शाळेत पण नाही आलं.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. पुण्याचा इंजिनियर, इकडे परदेशात हिल्सबरोला राहायचा. आम्ही त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला. मी कोर्स सोडून टायरच्या दुकानात लागलो तेव्हा आईने माझ्याशी बोलणं टाकलं.
मामाने गॅरेजची चावी दिली.

गॅरेजमध्ये त्याची जुनी पिवळी एस्कॉर्ट गाडी. वय मामापेक्षा थोडंच कमी. मामी तिला कधी नावाने हाक मारायची नाही. "तुमची ती" म्हणायची.

गेल्या वर्षी मामा म्हणायला लागला, ब्रेक नीट लागत नाहीत.
मी चालवून बघितली. मला तर लागत होते. पण इंजिनियरशी कोण वाद घालणार?

पुढे डिस्क ब्रेक आधीपासून होते, मागे जुने ड्रम. मामाचा निकाल ठरलेला. ड्रम काढायचे, मागेही डिस्क टाकायचे.

पार टौरंगा गावाला जाऊन कॅलिपर आणले, म्हणजे डिस्कला पकडणारे चिमटे. मग हीप्स, म्हणजे ढीगभर, वीकेंड त्यातच गेले. ड्रम गंजून असे बसलेले की मामा हातोडीने ठोकायचा आणि दर ठोक्याला माझ्या जुन्या मास्तरांची आठवण काढायचा. मला म्हणायचा, या ड्रमपेक्षा तू बरा, निदान हलतोस तरी.

शेवटी ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढायची असते, नाहीतर पेडल मऊ लागतं. त्याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा खाली झोपून नट सैल करतो.
मामा वर, मी खाली.

आणि मी आधीच पेडलखाली मामीचा भांड्यांचा स्पंज कोंबून ठेवलेला.

मामा दाबतोय. पेडल मऊच. "हवा आहे रे अजून." परत दाबतोय. मी खाली तोंडात फडकं धरून हसतोय.
तेवढ्यात मामी दारात. माझा स्पंज कोणी नेला, म्हणे.

मामा थांबला. वाकला. स्पंज काढला, बघितला, खिशात ठेवला. 
सोमवारी दुकानात मामीने दिलेला डबा उघडला तर पोळीत गुंडाळलेला तोच स्पंज.

असा होता मामा.

इकडे ब्रेक बदलले की सर्टिफायर म्हणजे सरकारमान्य तपासनीसाकडून गाडी पास करून घ्यावी लागते. त्याने चालवली, करकचून ब्रेक मारले, म्हणाला, स्वीट ॲज. म्हणजे एकदम झकास.

घरी आणली. मामीने चाकांखाली लिंबं ठेवली. मामा ऐटीत बसला. ड्राइव्हवेला उतार आहे, खाली लेटरबॉक्स. लेटरबॉक्सच्या अलीकडे थांबायचं, बस.

लिंबं फुटली. गाडी उतरली.
थांबली नाही.
लेटरबॉक्स आडवा.

मी बसलो. पहिल्या दाबात थांबली.
परत मामा बसला, मी शेजारी. या वेळी मी हँडब्रेक ओढला म्हणून रस्त्यावर गेलो नाही.

मामा समोर बघत म्हणाला, "काढ."
"काय काढू?"
"स्पंज. पुरे झालं आता."
"मामा, शप्पथ. नाही ठेवला."
"ठेवलायस तू. काढ. मी काही बोलणार नाही."

मग तोच वाकला. पेडलखाली हात घातला. चाचपत राहिला. कितीतरी वेळ.
हात रिकामा वर आला.

आयुष्यात इतक्या खोड्या केल्या मी. ही एक आपण केलेली असावी, असं इतकं कधीच वाटलं नव्हतं.

मामाने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "ड्रम जरा स्वतःहून सांभाळून घेतात रे. डिस्कला पायाने जेवढा जोर दिला तेवढाच."

मला कळलं नाही. मामीला कळलं. ती लिंबं तशीच टाकून आत गेली आणि डॉक्टरला फोन लावला.

नसांचा आजार निघाला. नाव एवढं मोठं, औषध छोटंसुद्धा नाही.

आधी तो पाय. मग दुसरा. मग हात. मग बोलणं.

मला काय येतं? टायर बदलता येतो आणि माणसाला हसवता येतं. मी त्याच्या व्हीलचेअरवर पादणारी उशी ठेवली. मामा हसला, इतका हसला की श्वासच परत येईना. मामी पाठ चोळत राहिली. नंतर मला बाहेर घेऊन म्हणाली, "आता नको रे बाळा. झेपत नाही त्यांना."

मग हसवणं पण बंद.
नुसता जाऊन बसायचो. पाय दाबून द्यायचो. टायरच्या दुकानातले हात, जोर किती लावायचा तेच कळायचं नाही.

एकच काम उरलं. दर रविवारी गाडी काढायची, उतारावरून लेटरबॉक्सपर्यंत न्यायची, थांबवायची. मामा खिडकीतून बघायचा. थांबली की अंगठा वर करायचा.
अंगठा गेल्यावर डोळे मिटून उघडायचा.

आज सकाळी लोक यायला लागले. मामी म्हणाली, तेवढी त्यांची ती बाजूला घे, माणसांना वाट हवी.

बसलो. हँडब्रेक सोडला. लेटरबॉक्सपाशी पेडल दाबलं.
पहिल्या दाबात थांबली.

सवयीने खिडकीकडे बघितलं.

मग वाकलो आणि पेडलखाली हात घातला.
काही नव्हतं.

श्रद्धांजली तुम्ही लिहा कमेंटमध्ये, माझ्याने होत नाही.
मामी गाडी निघताना दर वेळी म्हणायची, तेवढंच म्हणतो.

सावकाश जा, मामा.