फाटकाबाहेरचा दादा

"वन्सं, तुमचा दादा गेला..." वहिनीचा फोन एवढाच. महिना होत आला, पण माझं मन अजून थाऱ्यावर नाही. दादा गेला म्हणून तर खरंच, पण त्याला नेताना जे घडलं त्यामुळेही.

कागलजवळ दादा डुकरं पाळायचा. आमचं घर मूळचं म्हशींचं. आलेल्या माणसाला चहाआधी गोठा दाखवायचा, ही आमच्याकडची रीत. दादानं डुकरं आणली तेव्हा भावकीनं नाकं मुरडली. हा उलट त्यांनाच हाताला धरून आत न्यायचा. "या की पावणं, बघा तरी! म्हशीपेक्षा शानी हायती." हॉटेलांतलं खरकटं आणून तो त्यांना मायेनं घालायचा. वहिनी पोल्ट्रीवाल्याची लेक. तिच्या माहेरी शेडमध्ये परक्याला पाऊल टाकू देत नसत. ती कानीकपाळी ओरडायची, "रोग चपलांवरनं येतोय, खरकट्यातनं येतोय!" दादा हसण्यावारी न्यायचा.

मग रोग आलाच. कशातून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळी डुकरं खड्डा खणून पुरावी लागली. दादा भरल्या ताटावरून उठून जायचा... पुन्हा सुरुवात झाली ती वहिनीच्या पद्धतीनं. कुंपण, फाटकाला कुलूप, पाय बुडवायला औषधाचं पाणी, खरकटं बंद. पिल्लं जगायला लागली. दादा मात्र सुकला. ओळखीचं कुणी रस्त्यानं गेलं की फाटकाशी नुसता चुळबुळत राहायचा.

आमच्याकडे धन्याची तिरडी गोठ्यात नेतात, जनावरांना तो शेवटचा दिसावा म्हणून. तशी दादाची फाटकाशी आणली, तर वहिनी आडवी उभी.

"आत कुणी जायचं न्हाय."

"अगं, त्याचा जीव हाय की त्यांच्यात!" चुलते कडाडले.

"व्हय. म्हणूनच."

तिरडी बाहेरूनच वळली. मला वहिनीचा भयंकर राग आला. वाटेवरच्या माणसाला आत बोलावणारा माझा भाऊ, त्यालाच फाटकाबाहेर थांबवलं! आणि तिचं बरोबर होतं, हेही मला तिथंच कळत होतं. अजून या दोन्ही गोष्टी मनात भांडतात.

पुरुष स्मशानाकडे गेले. खाण्याची वेळ टळली म्हणून शेडमध्ये डुकरं किंचाळत होती. रडता रडता वहिनी उठली, दादाचे गमबूट पायांत घातले आणि फाटकाकडे निघाली. बूट तिला मोठे, फटक् फटक् वाजत होते. तो आवाज ऐकून आतला कल्ला दुप्पट झाला. दादाच आला, असं त्यांना वाटलं असणार. मीसुद्धा ओसरीवरून उठून उभी राहिले.