बीबीहून आलेल्या काड्या

आमच्या धाड गावातल्या घरामागे गुलाबाची चौदा झाडं आहेत आणि त्यांतल्या एकाचंही खरं नाव मला सांगता येणार नाही. बायकोला विकतचं रोप आणायला आवडत नसे. कुणाच्या अंगणात वेगळं फूल दिसलं की ती सरळ आत जाऊन काडी मागायची. गुलाबाची जात विचारली तर ते लोकही म्हणायचे, "काय मालूम, सासूनं लावलेलं हाये." मग ज्या गावची काडी, त्या गावचं नाव. हिवरा आश्रमाजवळच्या एका घरून आणलेला तो आमच्याकडे 'हिवऱ्याचा'.

मी शाळेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जालन्याला जायचं, चार तास तिनं खाटेवर पडायचं, मी बाहेर बाकावर. तिला दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले पाणी चालायचं. घरी आली की झाडांना मात्र ती पोटभर पाणी घालायची. पाईपमधून पडणाऱ्या धारेकडे ती ज्या नजरेनं बघायची, ते मला बघवत नसे.

तिच्या शेजारच्या खाटेवर बीबी गावच्या एक बाई असत. वयानं तिच्याएवढ्याच. बोलता बोलता गुलाबाचा विषय निघाला.

"माह्या दारात एक हाये," त्या म्हणाल्या. "सकाळी पिवळा फुलते, दुपारपर्यंत कडेकडेनं गुलाबी होते. नाव कोणालेच माहीत नाही."

"मले काडी पाहिजे," बायको म्हणाली.

"देतो न. थंडी पडू द्या."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. खत, झाडांवर पडणारा मावा, सुना, गुडघे, काय काय बोलत असत. जालन्याला जायचं म्हटलं की पूर्वी हिचं तोंड उतरायचं. आता ती केसांना तेल लावून तयार असायची.

एका मंगळवारी त्या खाटेवर दुसरंच माणूस होतं. विचारायच्या आधीच नर्सनं नकारार्थी मान हलवली.

महिनाभरानं त्या बाईंचे यजमान आमचं घर शोधत आले. दोन एसट्या बदलून. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या होत्या.

"ताई, तिनं सांगून ठेवलं होतं. धाडच्या ताईले काड्या नेऊन दे म्हणे, विसरू नको."

बायकोनं काड्या दोन्ही हातांत घेतल्या आणि तिथंच ओसरीवर बसून रडली. तेही रडले. मी चहा करायला आत गेलो.

तीन काड्या काळ्या पडल्या. चौथीला पान फुटलं. बायको रोज सकाळी वाकून बघायची. पुढच्या हिवाळ्यात कळ्या आल्या, आणि फुलं निघाली ती लहान, फिकी गुलाबी, झुबक्यांची. पिवळ्याचा मागमूस नाही. बाजाराच्या दिवशी रोपं विकायला बसणाऱ्या माणसाला मी फांदी दाखवली. तो म्हणाला, "सर, हा खुंटाचा फुटवा हाये. कलम ज्याच्यावर बांधतात ते जंगली झाड. काडी खालून कापली गेली."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. त्याच आठवड्यात बीबीहून फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"ताई, फूल आलं का?"

"हाव भाऊ, आलं."

"पिवळं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "पिवळंच. दुपारी गुलाबी होते, जसं वहिनीनं सांगतलं होतं तसंच."

मग ते म्हणाले, "लय बरं वाटलं."

फोन ठेवून तिनं मला विचारलं, "चुकलं का हो माझं?"

"बरं केलंस," मी म्हणालो. मनापासूनच म्हणालो.

पोळ्याच्या आधी ती गेली. मी बीबीला कळवलं. तेराव्यानंतर ते भेटायला आले. थोडं बसले, मग म्हणाले, "सर, एक मागू का? त्या झाडाची एक काडी द्या."

"तुमच्या दारात आहे ना?"

"नाही राह्यलं. पोरानं अंगणात फरशी बसवली. झाड मधात येत होतं. मले विचारलं त्यानं. म्या म्हणलं, काढ बापा, धाडले जगलं हाये न."

मी त्यांना मागच्या दारी नेलं. झाड झुबक्यांनी भरलेलं होतं. मी बोट दाखवलं. ते बघत राहिले, मग त्यांनी आजूबाजूच्या झाडांकडे बघितलं, पुन्हा याच्याकडे.

मी सगळं सांगितलं. फोनवर ती काय बोलली, का बोलली.

ते खाली बसले. "जायच्या आधी ती खाटेवरून सांगत होती, वरची काप म्हणून. मले खालची जाड दिसली. वाटलं, हेच जगंल." मग म्हणाले, "ताईनं चांगल्यासाठीच केलं. पण तवा खरं सांगतलं असतं, तं झाड उभं होतं सर. म्या दुसरी आणून देली असती."

तिनं मला विचारलं होतं, आणि बरं केलंस असं मीच म्हणालो होतो, हेही मी त्यांना सांगितलं.

"याचीच नेता का एखादी?" मी विचारलं.

"नको. हे तिचं नाही."

चहा अर्धा ठेवून ते उठले. मी स्टँडपर्यंत गेलो. जीप लवकर भरली, बोलायला वेळ मिळाला नाही. दिवाळीला मी फोन केला. सोयाबीनबद्दल बोललो, तब्येतीबद्दल बोललो. त्यांनी गुलाबाचं काढलं नाही, मलाही काढवलं नाही.